‘डिस्चार्ज’ म्हणा, पण पुढचंही सांगा

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



आम्ही बचतगटांच्या सहयोगिनी. गंगापूर रोडच्या वस्त्यांमधून आणि त्याच्या पुढच्या गावांमधून गटाच्या बैठका घेत फिरतो. बैठकीत काय बोलणं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. हप्ता कोणाचा आला, कोणाचा राहिला, अंतर्गत कर्जाचं व्याज किती झालं, बँकेत कोणी जायचं. पण एक विषय असा आहे की तो बैठकीत कधीच निघत नाही. तो निघतो बैठक संपल्यावर, दाराशी चपला घालताना. एखादी बाई मागे रेंगाळते, इकडेतिकडे बघते आणि हळूच म्हणते, “ताई, जरा डिस्चार्जचा त्रास आहे हो.”

एवढंच. पुढं काही नाही. जणू या एका शब्दात सगळं सांगून झालं.

आज आपण या एका शब्दावरच बोलणार आहोत. इंग्रजी शिकवायला आम्ही आलेलो नाही. या शब्दाच्या आड आपल्या बायकांची बरीच दुखणी लपून बसली आहेत, ती बाहेर काढायची आहेत.

आधी हा शब्द आपल्याला कुठं कुठं भेटतो ते बघू.

पहिला भेटतो दवाखान्यात. आपला माणूस भरती असला की आपण विचारतो, “डिस्चार्ज कधी देणार?” म्हणजे घरी कधी सोडणार, सुट्टी कधी होणार. दुसरा भेटतो पावसाळ्यात, गंगापूर धरण भरलं की. बातमीत सांगतात, “धरणातून डिस्चार्ज वाढवला.” सरकारी कागदावर त्यालाच विसर्ग म्हणतात. तिसरा भेटतो मोबाईलमध्ये. बॅटरी डिस्चार्ज झाली, म्हणजे उतरली. कारखान्याचं किंवा गटाराचं सांडपाणी नदीत सोडलं तर कागदावर त्यालाही डिस्चार्जच म्हणतात. आणि शेवटचा डिस्चार्ज आपल्या अंगाचा, जो आपण चपला घालताना सांगतो.

इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एकच शब्द कसा? तर या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आहे ओझं उतरवणं. हमाल गाडीतून पोती उतरवतो ना, तसं. जे भरलेलं आहे ते मोकळं करणं, आतलं बाहेर सोडणं. धरण भरलं, पाणी सोडलं. दवाखान्यात भरती झालेला पेशंट, घरी सोडला. म्हणून त्यांचं सगळं एकाच शब्दात भागतं.

आपल्या मराठीत मात्र तसं नाही. आपल्याकडं प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द आहे. धरणातून पाणी सोडतात. पेशंटला सुट्टी होते. बॅटरी उतरते. कान वाहतो. डोळ्याला चिपडं येतात. जखमेतून कधी लस येते, कधी पू येतो. बाळंतपणाच्या आधी पाणमोट फुटते. आणि बाईच्या अंगावरून पांढरं जातं, पाणी जातं, लाल जातं. आपल्या आज्या ‘धुपणी’ म्हणायच्या. बघा, शब्द ऐकल्याबरोबर कळतं की कुठून येतंय आणि काय येतंय. ‘डिस्चार्ज’ म्हटलं की यातलं काहीच कळत नाही. काहीतरी बाहेर येतंय, एवढंच कळतं.

मग आपण तो शब्द का वापरतो? कारण उघड आहे. लाज वाटते म्हणून. “अंगावरून पांढरं जातं” म्हणायला जीभ उचलत नाही. सासूसमोर, आशाताईसमोर, पुरुष डॉक्टरसमोर तर नाहीच. इंग्रजी शब्द कसा स्वच्छ वाटतो, दवाखान्यातला वाटतो. त्यामुळं निदान तोंड तरी उघडतं. हा त्या शब्दाचा मोठा उपकारच आहे आणि तो आपण मान्य करू. आमचं म्हणणं असं नाही की हा शब्द टाकून द्या. म्हणा, खुशाल म्हणा ‘डिस्चार्ज’. पण तिथंच थांबू नका. तो शब्द म्हणजे नुसतं दार आहे. दार उघडून उंबऱ्यावरच उभं राहिलं तर घरात काय चाललंय ते कसं दिसणार?

आता धरणाचंच घ्या. आपण गोदाकाठची माणसं. पाऊस लागला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं असं कळलं, तर आपण गप्प बसतो का? लगेच विचारतो, “किती सोडलं? कधी सोडलं? अजून वाढवणार का?” नदीकाठी ज्यांचे मळे आहेत ते मोटारी वर काढून घेतात, गोठ्यातली जनावरं हलवतात. बाया धुणं घेऊन नदीवर जात नाहीत. पंचवटीत माणसं दुतोंड्या मारुतीकडं बघतात. पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, छातीला लागलं की गळ्याला, त्यावरून पुराचा अंदाज बांधतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा सगळ्या नाशिकचं लक्ष त्या मूर्तीकडंच होतं.

आणि सोडलेल्या पाण्याचं मापही आता आपल्या तोंडात बसलंय. क्युसेक. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचं तर साधारण २८ लिटर, म्हणजे आपले दोन हंडे. एक क्युसेक म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर दोन हंडे पाणी. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन हजार हंडे. मिनिटाला सतरा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १७० टँकर एका मिनिटात! हा हिशोब कळला की ‘डिस्चार्ज वाढला’ या शब्दांचा खरा अर्थ कळतो आणि माणूस जागचा उठतो.

आता आम्हाला सांगा, धरणाच्या डिस्चार्जला आपण किती, कधी, कुठून असे दहा प्रश्न विचारतो. मग आपल्या अंगाच्या डिस्चार्जला एकही प्रश्न का विचारत नाही? महिना महिना, वर्ष वर्ष नुसतं म्हणतो, “आहे थोडा त्रास.” आपल्या मराठीत एक शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. तायांनो, जे अंगावरून जातं, तेच आपण अंगावर काढतो.

हे काही आम्ही मनानं सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात याचा अभ्यास झालेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्याचा अहवाल १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. त्यात काय आढळलं? शंभरातल्या ९२ बायकांना खालच्या अंगाचा एक ना एक आजार होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनपेक्षा जास्त आजार. त्यातले जवळपास निम्मे जंतुसंसर्गाचे, म्हणजे औषधानं बरे होण्यासारखे. आणि आधी कधीतरी यासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती होत्या? शंभरात फक्त आठ.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या ६५० जणींपैकी शंभरात ५५ जणींनी तक्रार सांगितली, ४५ जणींनी काहीच त्रास नाही असं सांगितलं. पण तपासणीत आजार सापडले ९२ जणींत. म्हणजे जिला काही वाटत नव्हतं, तिच्यातही आजार होता. त्या अभ्यासाआधी जगभरात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हटलं की फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच बघितलं जायचं. बाळंतपण सोडूनही बाईला अंग असतं, त्याला दुखणं असतं, हे गडचिरोलीच्या बायकांनी जगाला दाखवून दिलं. त्या बोलल्या, तपासून घ्यायला पुढं आल्या, म्हणून हे कळलं.

आता हा एकच शब्द वापरल्यानं काय घोटाळे होतात ते बघू. गावोगावच्या बैठकांत आमच्या कानावर आलेल्या या गोष्टी आहेत. नावं कुणाचीच घेणार नाही.

एक ओली बाळंतीण. सिझर झालेलं, दवाखान्यात तिसरा दिवस. नर्सताई फेरीला आल्या, विचारलं, “डिस्चार्ज कसा आहे?” ही म्हणाली, “उद्या सकाळी देणार म्हणाले.” सगळा वॉर्ड हसला. आपणही हसतो. पण नर्सताईंचा प्रश्न फार महत्त्वाचा होता. बाळंतपणानंतर जे अंगावरून जातं त्याला घाण वास येतोय का, एकदम जास्त जातंय का, ताप आहे का, हे त्यांना कळायला हवं होतं. घाण वास आणि सोबत ताप, ही बाळंतिणीला धोक्याची खूण आहे. त्या बाईनं नंतर नीट सांगितलं म्हणून बरं. पण विचार करा, प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच शब्दात, आणि अर्थ दोघींचा वेगळा!

दुसरी गोष्ट. पहिलटकरीण, आठवा महिना चालू. घरून फोनवर बहिणीला म्हणाली, “सकाळपासून डिस्चार्ज खूप होतोय.” बहीण म्हणाली, “अगं, दिवसांत असताना होतोच, पडून राहा.” बोलली ते खोटं नव्हतं. गरोदरपणी पांढरं जाणं वाढतंच. पण हे पांढरं नव्हतंच. पाण्यासारखं पातळ, सारखं झिरपणारं, कपडा भिजवणारं होतं. पाणमोट फुटली होती. शेजारच्या काकूंनी ओला परकर बघितला आणि एका वाक्यात निकाल दिला, “अगं, हिचं तर पाणी गेलंय, गाडी बोलवा.” काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण नेमका शब्द येत होता. पोरगी वेळेत दवाखान्यात पोचली. कळा असोत की नसोत, पाणी गेलं की घरी थांबायचं नाही. १०८ किंवा १०२ ला फोन करायचा.

तिसरी गोष्ट तर घरोघरची आहे. बाई स्वतः डॉक्टरकडं जात नाही. नवऱ्याला किंवा भाच्याला मेडिकलमध्ये पाठवते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘व्हाइट डिस्चार्जची गोळी’. दुकानदार एक पट्टी देतो. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा सुरू. पुन्हा तीच पट्टी. आता दुकानदाराला कसं कळावं की ते दह्यासारखं आहे की हिरवट, खाज आहे की नाही, रक्त आहे की नाही? औषध तर प्रत्येकाचं वेगळं असतं. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लावून कसं चालेल?

आणि हेही सांगितलं पाहिजे की आपले मराठी शब्दसुद्धा कधी कधी अर्धवट असतात. “अंगावर जातंय” म्हटलं तर पांढरं की लाल? कुणी पांढऱ्यासाठी म्हणतं, कुणी पाळीत जास्त जातं त्याला म्हणतं. मुद्दा इंग्रजी-मराठीच्या भांडणाचा नाही. मुद्दा आहे पूर्ण सांगण्याचा.

मग पूर्ण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? त्याआधी एक भीती काढून टाकू. अंगावरून थोडं पांढरं जाणं हा आजार नाही. वयात आलेल्या प्रत्येक मुलीला, बाईला ते जातं. तोंडात जशी लाळ असते तसंच ते आहे. आतला भाग ओला आणि स्वच्छ ठेवायला शरीरच ते तयार करतं. दोन पाळ्यांच्या मध्ये ते वाढतं, पारदर्शक आणि तार येणारं होतं. गरोदरपणी वाढतं. त्याला घाण वास नसतो, खाज नसते, आग नसते. “हाडं वितळून जातात”, “अंगातलं सत्त्व निघून जातं” असं पूर्वीपासून म्हणतात. तसं काही नाही. त्या भीतीनं पोरी झुरतात. अशक्तपणा, चक्कर, कंबरदुखी असेल तर रक्त कमी आहे का, खाणंपिणं नीट आहे का, हे वेगळं तपासून घ्यायचं.

आता आजाराची खूण. आम्ही गटात पाच बोटांवर पाच प्रश्न पाठ करून घेतो. तुम्हीही आत्ता हाताची बोटं धरा.

अंगठा म्हणजे रंग. पांढरं, पिवळं, हिरवट, करडं, की रक्त मिसळलेलं? 

दुसरं बोट वास. वास नाही, की घाण, माशासारखा? 

मधलं बोट कसं आणि किती. पाण्यासारखं, दह्याच्या गुठळीसारखं, फेसाळ? नुसता डाग पडतो, की कपडा बदलावा लागतो? 

चौथं बोट कधीपासून आणि कधी. किती दिवस झाले? पाळीच्या आधी, नंतर, की नवरा-बायकोच्या संबंधानंतर? 

करंगळी म्हणजे सोबत काय. खाज, लघवीला आग, ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी दुखणं?

ही पाच उत्तरं दिली की डॉक्टरचं निम्मं काम होतं. दह्यासारखं, घट्ट आणि खूप खाज, हे बहुतेक बुरशीचं असतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासून घ्यायला सांगतात, कारण मधुमेहात ते वारंवार होतं. फेसाळ, हिरवट-पिवळं आणि घाण वासाचं असेल तर जंतू वेगळा. त्याचं औषध नवऱ्यालाही घ्यावं लागतं, नाहीतर बायको बरी होते आणि पुन्हा आजारी पडते. करडं आणि माशासारखा वास असेल तर आणखी वेगळं. ओटीपोटात दुखणं आणि ताप असेल तर संसर्ग वर गर्भपिशवीपर्यंत गेलेला असू शकतो. तिथं थांबायला वेळच नाही. सरकारी दवाखान्यात या लक्षणांनुसार ठरावीक औषधाची पाकिटं मोफत मिळतात. पण लक्षात घ्या, पाकीट कोणतं द्यायचं हे ठरतं आपण काय सांगतो यावर, आणि तपासणीवर. आपण नुसतं ‘डिस्चार्ज’ म्हणालो तर देणाऱ्यानं काय द्यावं?

घरी काय करायचं नाही तेही सांगतो. आतून साबणानं किंवा जंतुनाशकानं धुवायचं नाही. त्यानं आतले चांगले जंतू मरतात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे. पाळीचे कपडे कोपऱ्यात, ओल्यात, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवायचे नाहीत. ऊन हेच त्यांचं औषध आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून हळू सांगतो. पाळी जाऊन वर्ष झालं आणि त्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तर “पाळी परत आली वाटतं” म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जात असेल, किंवा रक्त मिसळलेलं, कुजका वास येणारं पाणी जात असेल, तर लगेच तपासायचं. प्रत्येक वेळी तो कर्करोगच असतो असं नाही, घाबरू नका. पण गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची ही खूण असू शकते. आणि हा कर्करोग असा आहे की तो व्हायच्या आधीच ओळखता येतो.

त्याचाही पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. आज ज्याला आपण धाराशिव म्हणतो त्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात होत्या. सगळ्या खेड्यापाड्यातल्या, आपल्यासारख्या. काही गावांत एकदाच एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी केली, काही गावांत दुसऱ्या पद्धतीनं तपासणी केली, काही गावांत नेहमीसारखंच चालू ठेवलं. आठ वर्षांनी हिशोब केला. ज्या गावांत आयुष्यात एकदाच ही विषाणूची तपासणी झाली होती, तिथं या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. हा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरात त्याचा दाखला दिला जातो. एका तपासणीनं निम्मी मरणं टळली!

आपल्याकडं आरोग्य केंद्रात साधी तपासणीही करतात. गर्भपिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखा पातळ द्राव लावतात आणि मिनिटभर थांबून बघतात. पांढरा डाग उमटला तर पुढं पाठवतात. भूल नाही, टाके नाहीत, भरती व्हायचं नाही. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असं सरकारी कार्यक्रमातच ठरलेलं आहे. त्रास नसला तरीही. आठवतं ना, गडचिरोलीत त्रास नाही म्हणणाऱ्या बायकांतही आजार होताच.

गंगापूर रोडवर पावलोपावली दवाखान्यांच्या पाट्या आहेत. तरी पाटीखालून रोज जाणारी बाई आत जात नाही. पैशाची अडचण असते, हे खरं. पण प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, जिल्हा रुग्णालय आपल्यासाठीच आहेत. बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आशाताईला विचारून ठेवा. मराठीत नीट सांगता येत असेल तर मराठीतच सांगा. डॉक्टरांनाही मराठी येतं! आणि घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड देतात, ते धान्याच्या डब्यात नाही, तर बचतगटाच्या पासबुकाबरोबर ठेवा. त्यावर आजार काय, औषध काय, पुन्हा कधी दाखवायचं ते लिहिलेलं असतं. कळलं नाही तर निघण्याआधी तिथंच विचारून घ्या.

आता गटानं काय करायचं? तीन गोष्टी.

एक, महिन्यातल्या एका बैठकीत हप्ते झाल्यावर पंधरा मिनिटं या विषयाला द्या. चपला घालताना नाही, सतरंजीवर बसून. कुणाचं नाव, कुणाचा त्रास वहीत लिहायचा नाही आणि बाहेर बोलायचा नाही, ही पहिली अट. पाच बोटांचे प्रश्न सगळ्यांनी एकदा म्हणा. आपल्या आजीचा शब्द कोणता, सासूचा कोणता, लेकीचा कोणता, तेही विचारा. आमच्या एका गटात हे केलं तर एकाच घरात तीन शब्द निघाले. आजेसासू म्हणते ‘धुपणी’, सासू म्हणते ‘अंगावर जाणं’, सून म्हणते ‘डिस्चार्ज’. तिघींनाही तोच त्रास, आणि इतकी वर्षं एका घरात राहून एकमेकींना माहीत नाही!

दोन, तपासणीला एकटीनं जायचं नाही. तिघी-चौघींनी मिळून जायचं. बँकेत कर्जाला जसं मिळून जातो तसंच. एकीची लाज चौघींत वाटली की कमी होते. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटातून आरोग्यासाठी छोटं कर्ज द्या. म्हशीच्या औषधाला गट कर्ज देतो, मग बाईच्या औषधाला का नको?

तीन, लेकींना आत्ताच सांगा. काय नेहमीचं आणि काय आजाराचं. तिला पहिल्यांदा डाग दिसेल तेव्हा ती घाबरून गप्प बसणार नाही, सरळ येऊन सांगेल. शब्द तिला कुठलाही आवडो, डिस्चार्ज म्हणो की पांढरं जाणं म्हणो, पुढची पाच उत्तरं तिला देता आली पाहिजेत.

धरणावर माणूस बसवलेला असतो. पाणी किती, कधी सोडलं, याची तो नोंद ठेवतो. म्हणून खालच्या गावांना वेळेत कळतं आणि जीव वाचतात. आपल्या अंगाच्या धरणावर दुसरं कोण बसणार? तिथं आपल्यालाच बसावं लागेल. तेव्हा तायांनो, येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि आशाताईला बोलवा. तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवा, आणि ती हप्त्याच्या तारखेसारखीच वहीत लिहून ठेवा.